पेन्सिलीच्या लीडनं गोळीतला लेव्होडोपा मोजायचा कसा

तालुक्याच्या कॉलेजात एचपीएलसी (द्रावणातले पदार्थ वेगवेगळे करून मोजायचं महागडं यंत्र) नसते, म्हणून औषधावरचा प्रोजेक्ट आपल्या आवाक्यातला नाही असं बीएस्सी-बीफार्मचे लय पोट्टे धरून चालतात, मग शेवटी तेच टायट्रेशन नाहीतर तेच पाण्याचे नमुने. पण अमिनो आम्लाचं औषध मोजायचं असेल तर एक रस्ता असा आहे का ज्याला स्टेशनरीच्या दुकानातली ०.५ एमएमची लीड, सोनाराकडची चांदीची तार आणि हजार-दोन हजारातलं सर्किट पुरतं. हे खेळणं नाही बाप्पा, नीट केलं तर आकडा खरा येतो. नीट म्हणजे काय तेच खाली सांगतो, आणि आधीच सांगून ठेवतो का इलेक्ट्रोड बनवणं हा यातला सोपा भाग आहे, खरी मेहनत ब्लँक (औषध न टाकता घेतलेली रीडिंग), स्टँडर्ड (ताडायला घेतलेलं शुद्ध औषध) आणि धीर यात जाते.

पहिले औषध कोणतं घ्यायचं ते ठरवा. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर म्हणजे काय तर द्रावणात इलेक्ट्रोड बुडवायचा, त्याच्यावर व्होल्टेज हळूहळू चढवायचं, एखाद्या व्होल्टेजला तो पदार्थ इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि करंट वर उसळतो, ती उसळी जितकी उंच तितका पदार्थ जास्त. आता अडचण अशी का सगळी अमिनो आम्लं इलेक्ट्रॉन द्यायला तयार नसतात. टायरोसीन, ट्रिप्टोफॅन, सिस्टीन, मेथिओनीन आणि थोडंफार हिस्टिडीन एवढीच कार्बनवर दिसतात, ग्लायसीन, अ‍ॅलानीन, लायसीन असले कितीही टाका, कार्बनचा इलेक्ट्रोड ढिम्म. औषधांचंही तसंच. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला देतात ते ट्रॅनेक्झॅमिक आम्ल बनावटीनं अमिनो आम्लच आहे, नसांच्या दुखण्याचं गॅबापेंटीनसुद्धा, पण दोघांतही सहज ऑक्सिडाइझ होणारा गट नाही, म्हणून लीडला ते दिसणार नाहीत. म्हणून पोट्टेहो, "अमिनो आम्ल आहे ना, मग होईल" असं धरून चालू नका, आधी रेणूचं चित्र काढा आणि त्यात फिनॉल, इंडोल, थायॉल असं काही आहे का पाहा.

लेव्होडोपा याच्यासाठी सगळ्यात चांगला. कंपवाताचं म्हणजे पार्किन्सनचं हे जुनं आणि आजही मुख्य औषध, जॉर्ज कोत्झियास यांनी १९६७ मध्ये मोठ्या डोसात देऊन त्याचा गुण दाखवला तेव्हापासून चालत आलेलं. हा टायरोसीनचाच भाऊ, फक्त रिंगवर एक हायड्रॉक्सी गट जास्त, म्हणजे कॅटेकॉल झाला, आणि कॅटेकॉल कार्बनवर एकदम सहज दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडून क्विनोन होतो. दुसरं कारण आपल्या मातीतलं. धुऱ्यावर, कुपाटीत जी खाजकुइरी लागते तिच्या बियांत हाच लेव्होडोपा असतो, आणि तो त्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी या भारतातल्याच दोन शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये वेगळा काढला होता. आयुर्वेदातलं कवचबीज ते हेच. म्हणजे एकाच सेन्सरवर गोळी पण तपासता येते आणि वावरातलं बी पण.

गोळी कुठून आणायची? ही डॉक्टरच्या चिठ्ठीची गोळी आहे, कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांमार्फत मागवा. कोणाच्या घरी आजोबांची पट्टी आहे म्हणून त्यातल्या उचलून आणू नका, त्या माणसाच्या दिवसाचे तास त्या गोळीवर चालतात. शुद्ध लेव्होडोपा पावडर (स्टँडर्ड म्हणून) केमिकलवाल्याकडून थोडीच लागते, आणि जमलं तर थोडं शुद्ध कार्बिडोपा पण, ते काहून लागते ते पुढे येतेच.

आता सामान. काम करणारा इलेक्ट्रोड म्हणजे लीड. ०.५ एमएमची एचबी नाहीतर २बी, एकाच डबीतल्या वापरायच्या, अर्ध्या प्रोजेक्टला एक कंपनी आणि अर्ध्याला दुसरी असं नको, कारण लीडमध्ये ग्राफाइटसोबत माती आणि बाइंडर असतो आणि त्याचं प्रमाण सगळीकडे वेगळं. होल्डर म्हणून धातूच्या टोकाची पेन-पेन्सिल घ्या, टोकाला वायर सोल्डर करा नाहीतर क्रोकोडाइल क्लिप लावा, आणि मल्टिमीटरनं लीडच्या खालच्या टोकापासून वायरपर्यंत रोध पाहा, काही ओहमच यायला पायजे, शेकड्यात गेला तर आतला कॉन्टॅक्ट ढिला आहे. मग लीडचा खालचा बरोबर १० एमएम उघडा ठेवून वरचा भाग नळाला लावतात त्या टेफ्लॉन टेपनं घट्ट गुंडाळा. हे १० एमएम मनावर घ्या. क्षेत्रफळ निघते साधारण ०.१६ चौरस सेंमी, आणि बुडण्यात १ एमएमचा फरक पडला म्हणजे सिग्नलमध्ये सरळ १० टक्के फरक, लोक नंतर महिनाभर कारण शोधत बसतात आणि ते असते टेपच्या काठाशी. टेप द्रावणाच्या आत किंचित गेली पायजे, म्हणजे पातळी थोडी वरखाली झाली तरी उघडा भाग तेवढाच राहतो.

काउंटर इलेक्ट्रोडला प्लॅटिनमची गरज नाही, ड्रॉइंगची २ एमएमची जाड लीड चालते. याच्यावरून फक्त करंट जातो येतो, मोजमाप याच्यावर नाही.

रेफरन्स इलेक्ट्रोडवर, म्हणजे ज्याच्या मानानं व्होल्टेज धरतो त्याच्यावर, मात्र सगळं उभं आहे. सोनाराला शुद्ध चांदीची पातळ तार मागा, दागिन्याची चांदी नको कारण तिच्यात तांबं असते. तार बारीक पॉलिश पेपरनं घासा, डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून दीड व्होल्टच्या साध्या सेलचं धन टोक तारेला आणि ऋण टोक एका जाड लीडला जोडा, मधात १ किलोओहमचा रेझिस्टर टाका. काही मिनिटांत तार जांभळट-तपकिरी होते, तो सिल्व्हर क्लोराइडचा थर. कुठंकुठं ब्लीचमध्ये बुडवून करा असं सांगतात, तेही होते, पण ब्लीचची तार न धुता आम्लात गेली तर क्लोरीन सुटतो, आणि आपल्या लॅबमध्ये फ्यूमहूड चालू असेलच असं नाही, म्हणून सेलवालीच पद्धत धरा. अशा दोन तारा बनवा. दोन्ही एकाच बीकरमध्ये ठेवून मल्टिमीटर लावला तर दोन-चार मिलिव्होल्टच्या आत फरक दिसायला पायजे, जास्त असेल तर एक तार बिघडलेली, पुन्हा घासून पुन्हा करा. उन्हात ठेवू नका, सिल्व्हर क्लोराइड उजेडानं काळं पडते.

इथं एक सोय आहे जी लय कामाची आहे. आपण मोजमापच ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात करणार, म्हणजे क्लोराइड द्रावणात आहेच आणि सगळ्या बीकरमध्ये सारखं आहे, तर तार सरळ त्याच्यातच बुडवायची, काचेची नळी, सॉल्ट ब्रिज, पोटॅशियम क्लोराइड काही नको. अशा तारेचं पोटेन्शियल २५ अंशाला हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मानानं +०.२८८ व्होल्ट असते, विकतच्या सॅच्युरेटेड इलेक्ट्रोडचं ०.१९७, म्हणजे छापील पेपरात दिलेली पीक (ती करंटची उसळी) आपल्याला साधारण ९० मिलिव्होल्टनं अलीकडे दिसेल. घाबरायचं नाही, ते बरोबरच आहे. फक्त क्लोराइडचं प्रमाण बदलू द्यायचं नाही, दहा पट बदललं तर ५९ मिलिव्होल्ट सरकते.

आम्लच काहून घ्यायचं, बफर का नाही, हे पोट्टे विचारतात आणि विचारलंच पायजे. लेव्होडोपाचा क्विनोन झाला का त्याच्याच शेपटीतला अमिनो गट वळून रिंगला चिकटतो, पुढे डोपाक्रोम होतो आणि पुढे मेलॅनिनसारखा काळा पदार्थ. कापलेलं वांगं जसं काळं पडते तशीच ही रसायनं. हे इलेक्ट्रोडवर झालं तर लीडवर थर बसतो आणि पुढची रीडिंग कमी-कमी येत जाते. पीएच १ ला अमिनो गटावर प्रोटॉन बसलेला असतो म्हणून ते वळणं लय मंद होते, लीड स्वच्छ राहते, आणि बाटलीतलं द्रावणही टिकते. शिवाय लेव्होडोपा नुसत्या पाण्यात कमीच विरघळतो, पातळ आम्लात चांगला. बाटलीतलं द्रावण गुलाबी-तपकिरी दिसलं तर फेकून द्या, त्याच्यावर वेळ घालवू नका.

आम्ल बनवायला तीव्र आम्ल साधारण ८.३ मिली घेऊन एक लिटर करा, आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात नाही. पाणी डिस्टिल्ड. बोअरचं नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात इतकं काही असते का ब्लँकच वाकडा येतो. डिस्टिलेशन सेट बंद असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते पाणी चालते, पण प्रत्येक कॅनचा ब्लँक घेऊन पाहायचा, आणि सील फुटलेला कॅन घ्यायचा नाही.

पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे व्होल्टेज चढवणारं आणि करंट मोजणारं यंत्र. कॉलेजात असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर बनवा, २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा विद्यापीठातल्या लोकांनी चीपस्टॅट नावाचं यंत्र ८० डॉलरच्या आत बनवून त्याचं सगळं डिझाइन उघडं केलं होतं, तेव्हापासून जगभरच्या पोरांनी असली यंत्रं बनवली. आपल्याला त्याच्याहून साधं पुरते. एक आर्दुइनो उनो (प्रोग्राम टाकायचा छोटा बोर्ड), एक एमसीपी ४७२५ चं मॉड्यूल (हे आर्दुइनोच्या आकड्याचं व्होल्टेज करते), एक टीएल ०८४ आयसी ज्यात चार ऑप-अँप असतात, आणि दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, एक प्लससाठी एक मायनससाठी. नागपूरला जाणं झालं तर सीताबर्डीत पाहा, नाहीतर ऑनलाइन मागवा. पहिला ऑप-अँप रेफरन्स तारेचं व्होल्टेज नुसतं पुढे देतो, त्याच्यातून करंट ओढत नाही. दुसरा ते व्होल्टेज आणि मॉड्यूलचं व्होल्टेज ताडून पाहतो आणि काउंटर इलेक्ट्रोडला लागेल तितका ढकलतो. तिसऱ्याच्या इनपुटला लीड, त्याच्यावर १०० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे १ मायक्रोअँपचं ०.१ व्होल्ट होते. चौथा मॉड्यूलचं व्होल्टेज दुसऱ्याकडे जाण्याआधी फक्त उलटं करतो, कारण मॉड्यूल ऋण व्होल्टेज देत नाही आणि रेफरन्स लीडच्या मानानं ऋण पायजे. आर्दुइनोच्या इनपुटपाशी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ४.७ व्होल्टचा झीनर नक्की लावा, नाहीतर करंट एकदम वाढला का पिन जळते.

प्रोग्राममध्ये व्होल्टेज ० पासून ०.९ पर्यंत साधारण ५-५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी चढवा, एका पायरीवर १०० मिलिसेकंद थांबा, आणि करंट पायरीच्या शेवटच्या २० मिलिसेकंदांत वाचून सरासरी घ्या. शेवटीच काहून? पायरी चढली का आधी एक फुकटचा चार्जिंग करंट येतो आणि लगेच मरतो, आपल्याला तो नको. आणि २० मिलिसेकंदच काहून? लाइनची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, तिचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदाचं, पूर्ण चक्राची सरासरी घेतली का तिची गुणगुण स्वतःच कटून जाते. या एका गोष्टीनं ग्राफ ओळखू येणार नाही इतका गुळगुळीत होतो. दुसरी गोष्ट, लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा आणि बॅटरीवर चालवा. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते तशी अर्थिंगही कमजोर पडते, आणि चार्जरमधून येणारा आवाज सरळ सिग्नलमध्ये बसतो. म्हणजे लाइन गेली तरी आपलं काम थांबत नाही, उलट ग्राफ साफ येतो.

द्रावणाला हात लावण्याआधी यंत्र तपासा. रेफरन्स आणि काउंटरच्या वायरी एकत्र बांधा, आणि त्या आणि लीडच्या वायरीमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर लावा, स्वीप (० ते ०.९ व्होल्टची एक पूर्ण चढण) चालवा. सरळ रेष यायला पायजे, ०.५ व्होल्टला ५ मायक्रोअँप. नाही आली तर सोल्डरिंग पाहा, रसायनाला दोष देऊ नका. मग पोटॅशियम फेरीसायनाइडनं लीड पाहायची असेल तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात पाहा आणि बीकर, लीड सगळं धुऊनच आम्लाकडे या, सायनाइडवाली संयुगं आणि तीव्र आम्ल जवळ आणायचं नसते.

आता खरं काम. २० गोळ्या एकत्र वजन करा, सरासरी काढा, खलात बारीक करा. एकच गोळी घेऊन निष्कर्ष काढायचा नाही. लेबलवर १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा असेल तर एका सरासरी गोळीइतकी पूड १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये टाका, ०.१ मोलर आम्ल ६०-७० मिली टाकून १५-२० मिनिटं चांगलं हलवा, मग खुणेपर्यंत भरा, गाळा, पहिले थोडे मिली फेकून द्या. गढूळपणा स्टार्चचा असतो, तो गाळणकागदात राहतो. हे झालं साधारण ५ मिलिमोलर. स्टँडर्डसाठी शुद्ध लेव्होडोपा ९८.६ मिलिग्रॅम १०० मिली आम्लात, बरोबर ५ मिलिमोलर, कारण त्याचा रेणूभार १९७.२ आहे.

बीकरमध्ये २४.५ मिली आम्ल घ्या. तिन्ही इलेक्ट्रोड बुडवा, लीड आणि रेफरन्स जवळ-जवळ, पण चिकटू नयेत. नव्या लीडवर आधी नुसत्या आम्लात पाच-सहा स्वीप घ्या, पहिले दोन-तीन वेडेवाकडे येतात, मग एकावर एक बसायला लागतात. बसल्यावरचा शेवटचा स्वीप म्हणजे तुमचा ब्लँक, तो सेव्ह करा. मग गोळीच्या द्रावणाचे ०.५ मिली टाका, काचेच्या कांडीनं हलवा, आणि १५-२० सेकंद पूर्ण शांत होऊ द्या. पंखा बंद. हलत्या पाण्यात पीक नीट येत नाही, कारण हा सगळा हिशोब पदार्थ फक्त विसरणानं (डिफ्यूजननं, म्हणजे आपोआप पसरत) लीडकडे येतो यावर उभा आहे. स्वीप घ्या. पीक साधारण ०.४ ते ०.६ व्होल्टच्या मधात कुठंतरी दिसेल, आणि ०.१ मिलिमोलरला काही मायक्रोअँपची. गणितानं आदर्श स्थितीत ६-७ येतात, लीडवर थोडं कमीजास्त होईल. ५० आले किंवा ०.१ आला तर थांबा, कुठंतरी चूक आहे.

मग स्टँडर्डचे ०.२५ मिली टाका, हलवा, थांबा, स्वीप. परत ०.२५, परत ०.२५. एका लीडवर एवढा एक सेट पूर्ण करायचा, मधात लीड बदलायची नाही, आणि पुढच्या सेटला नवी लीड. काहून का दोन लीडमध्ये थोडाफार फरक राहतोच, पण एकाच लीडवर गोळी आणि स्टँडर्ड दोन्ही मोजले तर तो फरक दोघांनाही सारखा लागतो आणि हिशोबातून निघून जातो. स्टँडर्ड वेगळ्या बीकरमध्ये, वेगळ्या लीडवर, वेगळ्या दिवशी काढून जो कॅलिब्रेशन ग्राफ करतात तो घरच्या इलेक्ट्रोडला चालत नाही. गोळीतला स्टार्च, रंग, कोटिंग हेही पीक थोडी दाबतात किंवा वाढवतात, आणि त्याच बीकरमध्ये स्टँडर्ड टाकल्यानं तेही सांभाळलं जाते. या पद्धतीला स्टँडर्ड अ‍ॅडिशन म्हणतात आणि माझ्या मते या सगळ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, यंत्र नंतर कोणतंही मिळालं तरी ती कामी येते.

हिशोब असा. समजा ब्लँक वजा करून पीकची उंची आधी ६, मग ९, १२, १५ मायक्रोअँप आली. प्रत्येक वेळी बीकरमधलं प्रमाण साधारण ०.०५ मिलिमोलरनं वाढलं, म्हणजे उतार ६० मायक्रोअँपला १ मिलिमोलर. सुरुवातीचे ६ भागिले ६० म्हणजे ०.१ मिलिमोलर गोळीचं. २५ मिलीमध्ये ते झाले ०.००२५ मिलिमोल, ते आले ०.५ मिलीतून, तर १०० मिलीत ०.५ मिलिमोल, गुणिले १९७.२, म्हणजे ९८.६ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात बीकरचं आकारमान प्रत्येक वेळी एक टक्क्यानं वाढते, म्हणून प्रत्येक पीकला त्या वेळचं आकारमान भागिले २५ नं गुणा, मग ग्राफ काढा. ग्राफ सरळ नाही आला, वर जाऊन वाकला, तर लीडवर थर बसतोय, स्टँडर्ड अर्धं-अर्धं टाका.

आता ते कार्बिडोपा. लेव्होडोपाची गोळी बहुतेक एकटी नसते, सोबत कार्बिडोपा असतो, १०० ला १० किंवा १०० ला २५. तो लेव्होडोपाला मेंदूत पोचायच्या आधीच वाटेत तुटू देत नाही म्हणून टाकतात. पण तोही कॅटेकॉल आहे, आणि साध्या लीडवर त्याची पीक लेव्होडोपाच्या पीकमध्येच मिसळते. म्हणजे आपण मोजतो ती बेरीज. मोलच्या हिशोबानं १००:१० च्या गोळीत कार्बिडोपा लेव्होडोपाच्या जवळजवळ ९ टक्के बसतो आणि १००:२५ मध्ये जवळजवळ २२ टक्के. त्याच्यात वरून हायड्रॅझिन गट असतो, तोही इलेक्ट्रॉन देऊ शकतो, म्हणून प्रत्यक्षातला हिस्सा याच्याहून वेगळा येऊ शकतो. एकदम ठणठणीत गोळीचा आकडा ११० किंवा १२० आला तर "गोळीत औषध जास्त भरलं" असं लिहू नका. याच्यावर सोपा उपाय म्हणजे शुद्ध लेव्होडोपा आणि शुद्ध कार्बिडोपा लेबलच्याच प्रमाणात मिसळून आपली एक नकली गोळी करा, तिच्यावर हाच पूर्ण सेट चालवा, आणि खऱ्या गोळीचा आकडा तिच्या आकड्याशी ताडा. अमेरिकन फार्माकोपियात (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात) या गोळ्यांना लेबलच्या ९० ते ११० टक्क्यांची मुभा आहे, पण ती मुभा दोन्ही औषधं वेगवेगळी मोजून लावतात, एचपीएलसीवर. आपला सेन्सर वेगवेगळं सांगत नाही, आणि हे रिपोर्टमध्ये पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा, परीक्षक विचारेल याची वाट पाहू नका.

आणि याच्यावरून गावातल्या कोणाला "तुमच्या गोळीत दम नाही" असं सांगायचं नाही, डोस वाढवा-कमी करा तर अजिबात नाही. पार्किन्सनच्या माणसाची गोळी अचानक बंद पडली तर जिवावर बेतू शकते. काही गडबड खरंच वाटली तर सील असलेली पट्टी आणि बॅच नंबर घेऊन सरांमार्फत आपल्या राज्याच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) औषध निरीक्षकाकडे द्या, तपासणी अधिकृत लॅबमध्ये होऊ द्या.

खाजकुइरीचं बी घ्यायचं असेल तर शेंग उघड्या हातानं तोडू नका हे आपल्याकडं लेकराला पण माहीत आहे, तिच्यावरच्या केसांत मुकुनेन नावाचं प्रथिन पचवणारं एन्झाइम असते, खाजेचं कारण तेच. हातमोजे घाला, शेंगा ओल्या फडक्यात धरून फोडा, बी धुऊन वाळवा, दळा. अर्धा ग्रॅम पूड १०० मिली आम्लात, अर्धा तास हलवून गाळा. बियांत साधारण ३ ते ६ टक्के लेव्होडोपा असतो, म्हणजे द्रावण १ मिलिमोलरच्या आसपास, म्हणून बीकरमध्ये ०.५ च्या जागी २.५ मिली टाका आणि आम्ल २२.५. बियांत दुसरी फिनॉलं पण असतात, तर स्टँडर्ड टाकल्यावर पीक त्याच जागी सरळ उंच होते का बाजूला खांदा फुटतो ते नीट पाहा. खांदा फुटला तर आकडा लेव्होडोपाचा एकट्याचा नाही. वेगवेगळ्या धुऱ्यांवरचं बी, कोवळं आणि पक्कं, काळ्या बियांचं आणि पांढऱ्या बियांचं, असं ताडून पाहणं हा एका वर्षाचा सुंदर प्रोजेक्ट आहे, आणि याच्यात कार्बिडोपाची भानगड नाही. बाजारात चूर्ण म्हणून जे मिळते त्याच्यावर किती टक्के हे बहुतेक लिहिलेलंच नसते, ते मोजून पाहण्यात खरंच अर्थ आहे. फक्त मोजलं म्हणून कोणी ते घरी पार्किन्सनवर सुरू करू नका, गोळी चालू असलेल्या माणसानं तर नाहीच.

तापमानाचं वेगळं सांगतो. विसरणाचा वेग एका अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात टिनाच्या लॅबमध्ये सकाळी ८ ला आणि दुपारी २ ला दहा-बारा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून एक सेट एका बैठकीत, सकाळच्या वेळात, आणि बीकर पाण्यानं भरलेल्या मोठ्या टबात ठेवून. टबाचं तापमान प्रत्येक स्वीपला लिहा. उघड्या फ्लास्कमधून पाणीही उडते उन्हाळ्यात, बूच लावा.

ज्या अमिनो आम्लांना कार्बन पाहत नाही त्यांच्यासाठी तांब्याची तार वापरतात, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची, वरचं इनॅमल खरडून, आम्लाऐवजी ०.१ मोलर कॉस्टिक सोड्यात. तिथं तांब्यावरचा ऑक्साइडच मधात पडून अमिनो आम्लाचं ऑक्सिडेशन करवतो, ग्लायसीनसुद्धा दिसते. पण रेफरन्सची आपली उघडी तार तिथं चालत नाही, क्लोराइड नाही ना, आणि गोळीत भरणाला लॅक्टोज असतो, तो तांब्यावर दणकून करंट देतो. अमिनो आम्लाची गोळी म्हणून मोजाल आणि साखर मोजून बसाल. सलाइनसारख्या साध्या द्रावणावर करा, गोळीवर नको. एन-अ‍ॅसिटाइल सिस्टीनची पाण्यात फसफसणारी ६०० मिलिग्रॅमची गोळी बरेच जण विचारतात, कफ पातळ करायची, तेच औषध पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर पण देतात. थायॉल साध्या लीडवर उशिरा आणि पसरट पीक देतो, लीडवर कोबाल्ट थॅलोसायनीनचा थर दिला तर जमते, पण ते लेव्होडोपावर हात बसल्यानंतर.

काम झाल्यावर रेफरन्स तार ०.१ मोलर आम्लात, काळा कागद गुंडाळलेल्या बाटलीत ठेवा, सुकू देऊ नका. वापरलेल्या लीडी पुन्हा डबीत टाकू नका, वेगळ्या टाका, नाहीतर कोणतरी उचलून तीच लावते. उरलेलं आम्ल खायच्या सोड्यानं फसफस थांबेपर्यंत मारून मग सिंकमध्ये. उरलेल्या गोळ्या आणि पूड नालीत किंवा विहिरीजवळ नाही, पिशवीत सील करून औषधाच्या कचऱ्यात. आणि वहीत प्रत्येक ग्राफखाली लीडचा नंबर, तापमान, वेळ आणि ब्लँकची फाइल लिहून ठेवा, त्याच दिवशी, पेनानं.